डब्ल्यूसी, सीएआर, लायबिलिटी: छोट्या काँट्रॅक्टरने इन्शुरन्स परवडेल असा आणि तरी नीट कसा घ्यायचा

वर्क ऑर्डर हातात पडते, सोमवारपासून काम सुरू करायचं असतं, आणि शुक्रवारी संध्याकाळी कंपनीच्या सेफ्टीवाल्यांचा मेल येतो की डब्ल्यूसी पॉलिसीची कॉपी दिल्याशिवाय गेट पास निघणार नाही. मग ओळखीच्या एजंटला फोन, तो विचारतो माणसं किती, हा सांगतो सहा, आणि अर्ध्या तासात पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर. पैसे किती गेले तेवढं बघितलं जातं, आत काय लिहिलंय ते कुणी उघडून वाचत नाही. चाकण, भोसरी, वाळूज, बुटीबोरी, कुठल्याही एमआयडीसीत हेच चालतं. मी छोट्या काँट्रॅक्टर लोकांचं पेपरवर्क बघते, फॅब्रिकेशनवाले, इलेक्ट्रिकलवाले, एसीवाले, पेंटिंगवाले, आणि यातल्या बहुतेकांना एकतर गरजेपेक्षा जास्त प्रीमियम भरावा लागतोय किंवा भरलेल्या प्रीमियमचा उपयोग होणार नाहीये. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

आधी डब्ल्यूसी म्हणजे काय ते. वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन. १९२३ चा कायदा, २०१० पासून त्याचं नाव एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशन झालं, आणि २१ नोव्हेंबर २०२५ ला सामाजिक सुरक्षा संहिता २०२० लागू झाली तेव्हा तो तिच्यात गेला. तोंडात मात्र सगळ्यांच्या डब्ल्यूसीच आहे. तुमच्या कामगाराला कामावर असताना, कामामुळे अपघात झाला तर भरपाई द्यायची जबाबदारी मालकाची, म्हणजे काँट्रॅक्टरची, म्हणजे तुमची. चूक कुणाची होती हा प्रश्न सहसा येतच नाही. आणि काँट्रॅक्टरने दिली नाही तर कामगार थेट मूळ कंपनीकडे मागू शकतो, मग कंपनी ते पैसे तुमच्याकडून वसूल करू शकते. कंपन्या गेटवर पॉलिसी मागतात त्याचं खरं कारण हे आहे, त्यांना स्वतःला वाचवायचं असतं. तुम्ही मात्र ती स्वतःला वाचवायला घ्यायची.

रक्कम किती होते याचा अंदाज बऱ्याच जणांना नसतो. मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराच्या ५० टक्के गुणिले वयाप्रमाणे टेबलात दिलेला एक आकडा. पगार कितीही असला तरी हिशोबाला धरायची मर्यादा केंद्राने जानेवारी २०२० मध्ये ८,००० वरून १५,००० केली. ३० वर्षांच्या माणसासाठी टेबलातला आकडा २०७.९८ आहे. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, झाले १५,५९,८५० रुपये. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५० च्या जागी ६० टक्के, म्हणजे १८,७१,८२०. आणि अवयव गेला तर त्याचे टक्के कायद्याच्या परिशिष्टात ठरलेले आहेत. फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये सगळ्यात जास्त काय जातं तर बोटं, ग्राइंडरवर किंवा प्रेसवर. तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, अंगठा गेला तर ३० टक्के, एक डोळा गेला तर ४० टक्के. त्याच ३० वर्षांच्या पोराची तर्जनी गेली तर १८,७१,८२० चे १४ टक्के, म्हणजे २ लाख ६२ हजार. ज्या काँट्रॅक्टरला महिन्याला खर्च जाऊन चाळीस-पन्नास हजार सुटतात त्याचं अर्धं वर्ष एका बोटात जातं. म्हणून विमा.

आता प्रीमियम कसा ठरतो. माणसं किती, त्यांचा वर्षाचा एकूण पगार किती, आणि काम कसलं, या तीन गोष्टी. ऑफिसात बसून ड्रॉइंग काढणाऱ्याचा रेट वेगळा, जमिनीवर वेल्डिंग करणाऱ्याचा वेगळा आणि उंचीवर पत्रे बसवणाऱ्याचा वेगळा. समजा सहा माणसं, प्रत्येकाला १८,००० महिना, तर वर्षाचा पगार १२,९६,०००. समजा रेट हजाराला १० रुपये मिळाला, तर प्रीमियम १२,९६० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण १५,२९३ रुपये. हा रेट मी फक्त हिशोब दाखवायला धरलाय, तुमचा काय येईल ते कामावर आहे.

आणि इथेच एक गोष्ट लोकांना माहीत नसते. १ जानेवारी २००७ पर्यंत डब्ल्यूसी, फायर, इंजिनिअरिंग या पॉलिसींचे रेट सगळ्या कंपन्यांना सारखेच बांधून दिलेले होते, त्याला टॅरिफ म्हणायचे. ते त्या दिवसापासून उठलं. त्यानंतर प्रत्येक कंपनी आपला रेट आपण ठरवते, त्यामुळे त्याच सहा माणसांच्या त्याच पॉलिसीला तीन ठिकाणी तीन भाव येऊ शकतात आणि घासाघीसही करता येते. "रेट फिक्स असतो मॅडम" असं एजंट म्हणाला तर तो गाड्यांच्या थर्ड पार्टीबद्दल खरं आहे, तिथे दर सरकार ठरवतं, डब्ल्यूसीबद्दल नाही.

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते प्रत्येक वर्क ऑर्डरला नवी पॉलिसी काढण्यात. कंपनी म्हणते आमच्या पंधरा दिवसांच्या शटडाऊन कामाची पॉलिसी द्या, हा पंधरा दिवसांची काढतो, पुढच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीत महिन्याची, परत तिसऱ्या ठिकाणी. कमी मुदतीच्या पॉलिसीचा दर दिवसाच्या हिशोबाने सरळ कमी होत नाही, वर मिनिमम प्रीमियम प्रत्येक वेळी लागतो, आणि वर्षाची बेरीज केली की वर्षभराच्या पॉलिसीपेक्षा जास्त पैसे गेलेले असतात. वर्षात तीन-चार कामं नक्की असतील तर वर्षाची एकच घ्या आणि त्यात ठिकाण म्हणून एका कंपनीचा पत्ता न टाकता "महाराष्ट्रातील सर्व साइट्स" असं लिहून घ्या. एखाद्या कंपनीला त्यांचं नाव पॉलिसीवर हवंच असेल तर प्रिन्सिपल (काम देणारी मूळ कंपनी) म्हणून एंडोर्समेंट, म्हणजे चालू पॉलिसीला जोडलेली पुरवणी, करून मिळते, त्यासाठी नवी पॉलिसी लागत नाही. दुसरं, पॉलिसी नावानिशी घ्यायची की फक्त संख्येवर ते विचारा. तुमची माणसं बदलत असतील, बिहारचा गडी छठला गावी गेला आणि त्याच्या जागी दुसरा आला असं चालत असेल, तर नावानिशीची यादी दर वेळी अपडेट करावी लागते आणि एखादं नाव राहिलं की नेमका त्यालाच अपघात झाल्यावर पंचाईत. संख्येवरची घेतली तर हजेरी पत्रक नीट ठेवावं लागतं, पण ते तसंही ठेवायलाच हवं.

ईएसआयसीचा, म्हणजे सरकारच्या कामगार राज्य विम्याचा, गोंधळ तर फारच आहे. तुमच्याकडे १० किंवा जास्त माणसं असतील तर २१,००० पर्यंत पगार असलेल्यांना ईएसआयसी लागू होते, मालकाचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५ टक्के. ज्याला ईएसआयसी आहे त्याला कामावरच्या अपघाताची भरपाई तिथून मिळते आणि तीच भरपाई परत मालकाकडून मागता येत नाही, कायद्यातच तसं आहे. म्हणजे ईएसआयसी भरत असलेल्या माणसांची परत डब्ल्यूसी काढणं म्हणजे एकाच धोक्याचे दोनदा पैसे. तरी कंपन्यांच्या चेकलिस्टमध्ये दोन्ही असतं आणि काँट्रॅक्टर मुकाट्याने दोन्ही देतो. तसं न करता ईएसआयसीचं चलन आणि माणसांची यादी जोडून एक पत्र द्या की या माणसांना ईएसआयसी आहे, आणि जे २१,००० च्या वर आहेत, सुपरवायझर वगैरे, तेवढ्यांचीच डब्ल्यूसी आम्ही दिली आहे. काही एचआरवाले ऐकतात, काही नाही ऐकत, पण विचारायला हवं, दहा-बारा माणसांचा प्रीमियम वाचतो.

पगार कमी दाखवू नका. हे मी प्रत्येकाला सांगते आणि परत सांगते. प्रीमियम पगारावर असल्यामुळे १८,००० देत असताना ९,००० दाखवायचा मोह होतो, आणि काही एजंट स्वतःच तसं सुचवतात. बहुतेक पॉलिसींत अट असते की दाखवलेला पगार खऱ्यापेक्षा कमी निघाला तर इन्शुरन्स कंपनी त्याच प्रमाणात कमी पैसे देईल. म्हणजे अर्धा पगार दाखवला तर वरच्या उदाहरणातल्या १५ लाख ५९ हजारांपैकी साधारण ७ लाख ८० हजार तुमच्या खिशातून. वाचले किती, तर सहा माणसांचे मिळून वर्षाचे साधारण साडेसात हजार. आणि त्या घरातल्या बाईला पैसे मिळायला उशीर होतो तो वेगळाच. ओव्हरटाइम देत असाल तर तोही धरा. काम कसलं आहे तेही खरं सांगा, "इलेक्ट्रिकल मेंटेनन्स" लिहून माणूस चिमणीवर चढवला तर भांडण तिथूनच सुरू होतं.

कोटेशन घेताना आणखी काही गोष्टी विचारून घ्यायच्या, कारण स्वस्त कोटेशनमधून गुपचूप वगळलेल्या असतात त्या ह्याच. मेडिकल खर्च आहे का? कामगाराच्या उपचाराचा खर्च मालकाने द्यायचा असं कायदा म्हणतो, पण पॉलिसीत तो बऱ्याचदा ॲड-ऑन म्हणून वेगळा घ्यावा लागतो, माणशी २५,००० किंवा ५०,००० किंवा लाखापर्यंत. रोजचे अपघात म्हणजे टाके, फ्रॅक्चर, भाजणं, त्यामुळे प्रत्यक्षात सगळ्यात जास्त वापरलं जातं ते हेच, आणि पैसे वाचवायला पहिलं काढलं जातं तेही हेच. तुम्ही पुढे कुणाला सबकाँट्रॅक्ट देत असाल तर त्याची माणसं धरली आहेत का? नव्या संहितेत घरून कामावर येता-जाताना झालेला अपघातही, कामाशी संबंध जुळत असेल तर, धरला जातो, मग पॉलिसी जुन्या कायद्याच्या शब्दांत आहे की नव्या संहितेचाही उल्लेख आहे? हे सगळं मेलवर विचारा म्हणजे उत्तर लेखी राहतं.

आता बाकीच्या पॉलिसी, ज्या सगळ्यांना लागतातच असं नाही.

सीएआर म्हणजे काँट्रॅक्टर्स ऑल रिस्क. बांधकाम किंवा मोठं सिव्हिल काम चालू असताना त्या कामाचंच नुकसान झालं, पूर आला, आग लागली, काही कोसळलं, तर ती भरून देते, आणि तिच्या दुसऱ्या भागात तिऱ्हाइताचं नुकसानही येतं. यात सम इन्शुअर्ड, म्हणजे विम्याची रक्कम, म्हणून पूर्ण झालेल्या कामाची किंमत धरायची, क्लायंटने दिलेल्या मटेरियलसकट. पण तुम्ही मोठ्या काँट्रॅक्टरच्या हाताखाली असाल तर आधी विचारा की प्रोजेक्टची सीएआर कुणी काढलीये का आणि तिच्यात सबकाँट्रॅक्टर धरलेत का. बहुतेक मोठ्या प्रोजेक्टवर ती असतेच. तुमचं नाव तिच्यात असेल, किंवा "सर्व सबकाँट्रॅक्टर्स" असं लिहिलेलं असेल, तर तुम्हाला वेगळी काढायची गरज नाही, फक्त कॉपी मागून ठेवा.

पब्लिक लायबिलिटी ही तिऱ्हाइताच्या नुकसानीची. नावात गडबड आहे. १९९१ चा पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स कायदा आहे तो घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी, भोपाळनंतर आलेला, आणि त्या कायद्याखालची पॉलिसी वेगळी. पेंटिंगवाल्याला किंवा एसीवाल्याला ती नको असते, त्याला साधी लायबिलिटी पॉलिसी हवी असते. आणि तिच्यातही एक अट वाचायलाच हवी. तुमच्या ताब्यात असलेली, तुम्ही ज्यावर काम करताय ती वस्तू सहसा वगळलेली असते. समजा तुम्ही कंपनीतल्या एका डक्टवर वेल्डिंग करताय. ठिणगी उडून बाजूच्या पॅनलला आग लागली तर पॅनलचे पैसे मिळतील, पण तुमच्या हातून तो डक्टच बिघडला तर बहुधा नाही. ज्यांचं काम दुरुस्तीचं आहे त्यांनी हे वगळलेलं परत आत घेता येतं का ते विचारावं, थोडा जादा प्रीमियम लागतो. पॉलिसीवर १:१ किंवा १:४ असं काही लिहिलेलं असतं, ते एका अपघाताची मर्यादा आणि वर्षाची एकूण मर्यादा यांचं प्रमाण आहे.

तीन लाखांच्या कामाला पाच कोटींची लायबिलिटी मागणारे काँट्रॅक्ट मी बघितलेत. तो हेड ऑफिसचा तयार फॉरमॅट असतो, मोठ्या ठेकेदारासाठी बनवलेला, आणि परचेसवाला तोच सगळ्यांना पाठवतो. सही करायच्या आधी विचारा की कामाच्या किमतीच्या मानाने ही रक्कम कमी करता येईल का. बऱ्याचदा होते. सही झाल्यावर मग इन्शुरन्स कंपनीच्या दारात जाऊन स्वस्त द्या म्हणण्यात अर्थ नसतो.

शेड, गोडाऊन, मशीनं असतील तर भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा ही पॉलिसी बघा, १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना ती द्यावी लागते, ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी. आग, पूर, भूकंप त्यात येतं, आणि मालमत्तेची किंमत १५ टक्क्यांपर्यंत कमी लावली असेल तरी क्लेम कापत नाहीत. घरफोडी मात्र वेगळी घ्यावी लागते.

जे हाताने काम न करता डोक्याने करतात, स्ट्रक्चरल कन्सल्टंट, आर्किटेक्ट, पुण्यात बसून अमेरिकेच्या क्लायंटचं सॉफ्टवेअर लिहिणारे फ्रीलान्सर, त्यांना प्रोफेशनल इंडेम्निटी लागते, म्हणजे कामातल्या चुकीमुळे क्लायंटने नुकसानभरपाई मागितली तर उपयोगी पडणारी पॉलिसी. ती क्लेम्स मेड असते, म्हणजे चूक कधी झाली यापेक्षा दावा आला तेव्हा पॉलिसी चालू होती का हे महत्त्वाचं. म्हणून ती मधेच सोडायची नाही आणि कंपनी बदलली तरी जुनी रेट्रोअ‍ॅक्टिव्ह तारीख, म्हणजे जिच्यानंतरच्या चुका धरल्या जातात ती, तीच ठेवून घ्यायची. प्रीमियम सगळ्यात जास्त हलतो तो ज्युरिस्डिक्शनवर, म्हणजे कुठल्या देशातले दावे धरायचे त्यावर. फक्त भारत घेतलं तर स्वस्त, अमेरिका-कॅनडा धरलं की खूप महाग. तुमचा एकही क्लायंट तिकडचा नसेल तर वर्ल्डवाइड घेऊ नका.

आणि स्वतःचं काय? डब्ल्यूसी कामगारांची असते, प्रोप्रायटर, म्हणजे धंद्याचा मालक, त्यात येत नाही. छोटा काँट्रॅक्टर स्वतः शिडीवर चढतो, स्वतः केबल ओढतो, आणि तो पडला तर त्या पॉलिसीतून त्याला एक रुपया मिळत नाही. म्हणून स्वतःची पर्सनल ॲक्सिडेंट पॉलिसी घ्या, तिच्यात काम बंद राहिल्यास आठवड्याला ठरावीक रक्कम मिळण्याची सोय असेल अशी. किमान बँकेत जाऊन प्रधानमंत्री सुरक्षा बिमा योजनेचा फॉर्म तरी भरा, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख, १८ ते ७० वयापर्यंत. तुमच्या माणसांचाही भरून घ्या. वैयक्तिक हेल्थ इन्शुरन्सवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय, हा विमा घ्यायचा राहिला असेल तर तोही बघा. धंद्याच्या पॉलिसीवर मात्र १८ टक्के आहेच, त्यामुळे तुमचा जीएसटी नंबर पॉलिसीवर टाकून घ्या आणि भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळतंय का ते सीएला विचारा.

कोटेशन कुठून घ्यायचं? एजंट सहसा एकाच जनरल कंपनीचा असतो, तो तिचाच भाव देणार. ब्रोकर अनेक कंपन्यांकडून भाव आणतो, त्याचं कमिशन इन्शुरन्स कंपनी देते, आणि कायद्याने तो ग्राहकाचा प्रतिनिधी असतो. एक ब्रोकर, एक खासगी कंपनीचं ऑनलाइन कोटेशन, आणि न्यू इंडिया, ओरिएंटल, नॅशनल, युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्यांपैकी जवळची शाखा, एवढं केलं तरी पुरतं. शाखेत जायला कंटाळा येतो हे खरंय, पण उंचीच्या कामाला खासगी पोर्टल नाही म्हणतं तेव्हा तिथे काम होतं. तिघांनाही अगदी तीच माहिती द्या, माणसं, पगार, काम, मेडिकलची रक्कम, नाहीतर भावांची तुलनाच होत नाही. मागच्या तीन वर्षांत क्लेम नसेल तर तसं पत्र आधीच्या कंपनीकडून घ्या आणि दाखवून डिस्काउंट मागा. आणि हे सगळं पॉलिसी संपायच्या महिनाभर आधी करा, शुक्रवारी संध्याकाळी कुणी भाव कमी करत नाही.

पैसे नेहमी इन्शुरन्स कंपनीच्या नावाने भरा, एजंटच्या गुगल पेवर नाही. प्रीमियम कंपनीकडे पोचल्याशिवाय विम्याचं संरक्षण सुरूच होत नाही, विमा कायद्याचं ६४ व्हीबी कलम ते. चेक बाउन्स झाला तर तुमच्याकडे फक्त कागद आहे. पीडीएफ आली की पॉलिसी नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघा, गेट पाससाठी बनावट पॉलिसी बनवून देणारेही असतात.

अपघात झालाच तर आधी माणसाला हॉस्पिटल, मग त्याच दिवशी इन्शुरन्स कंपनीला मेल. हजेरी, पगारपत्रक, डॉक्टरांचे पेपर, पोलिसांचा कागद असेल तर तो, सगळं एका फाइलला. मृत्यू झाला असेल तर भरपाई सरकारने नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडेच (जुन्या कायद्यात तो आयुक्त) जमा करायची असते. घरच्यांना परस्पर रोख देऊन स्टॅम्प पेपरवर सही घेतात लोक, मनात चांगलं असतं, पण कायदा ती रक्कम भरपाई म्हणून धरत नाही, फक्त तीन महिन्यांच्या पगाराइतका अ‍ॅडव्हान्स वळता होतो. महिन्याच्या आत भरपाई दिली नाही तर १२ टक्के व्याज आणि ५० टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो, आणि दंड इन्शुरन्स कंपनी भरत नाही.

कंपनीने क्लेम नाकारला तर आधी तिच्या तक्रार विभागाला लेखी तक्रार, एक महिना वाट, आणि मग विमा लोकपाल. प्रोप्रायटरशिप आणि सूक्ष्म उद्योगांच्या पॉलिसीही लोकपालाकडे चालतात, बऱ्याच काँट्रॅक्टरना वाटतं ते फक्त मेडिक्लेमसाठी आहे. ५० लाखांपर्यंतचा दावा घेतात, फी नाही, वकील लागत नाही, चालतही नाही. मुंबईत आणि पुण्यात ऑफिस आहे, आणि कंपनीचं शेवटचं उत्तर आल्यापासून एक वर्षाच्या आत जायचं.